एक विज्ञानबाई टिकवताना

एखादी गोष्ट टिकवायची कशी, हे मला विचारा! सत्तावीस वर्षं मी एकाच कचेरीत, एकाच शाखेत, एकाच खुर्चीवर टिकून आहे. एवढ्या काळात सात साहेब आले आणि गेले, टंकयंत्रं गेली, संगणक आले, एकदा तर अख्खी कचेरीच दुसऱ्या इमारतीत गेली. मी खुर्ची डोक्यावर घेऊन तिच्यामागून गेलो. त्यामुळे सरकारने 'पात्र शिक्षक मिळवा, घडवा, टिकवा' ही योजना काढली आणि त्यातलं 'टिकवा' माझ्या टेबलावर येऊन पडलं, तेव्हा मला जराही नवल वाटलं नाही. सरकारलासुद्धा कधी कधी माणूस ओळखता येतो!

मी शिक्षण कचेरीत वरिष्ठ लिपिक आहे. म्हणजे होतो, पण त्यावर नंतर येतो. आमच्याकडे योजनेची तीन क्रियापदं तीन ठिकाणी वाटून दिली होती. 'मिळवा' हे तळमजल्यावर भरती शाखेत, 'घडवा' हे जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला प्रशिक्षण संस्थेत, आणि 'टिकवा' हे पहिल्या मजल्यावर जिन्याखाली, माझ्याकडे. तिघांनी एकमेकांशी फक्त पत्राने बोलायचं असा दंडक होता. तळमजल्यावरचं पत्र माझ्यापर्यंत यायला नऊ दिवस लागत. मध्ये अकरा पायऱ्या होत्या.

आता घरचं सांगतो, कारण सगळं तिथेच सुरू झालं. आमची ही मुख्याध्यापिका आहे. तिची शाळा पुलापलीकडे, बसच्या अगदी शेवटच्या थांब्याच्याही पुढे पंधरा मिनिटं चालत. शाळा चांगली, मुलं चांगली, पण विज्ञान-गणिताची जागा म्हणजे फुटका माठ! चार वर्षांत पाच शिक्षक आले आणि पाचही गळून गेले. त्यांतला एक तर पहिल्याच दिवशी मधल्या सुट्टीत बसची वेळ विचारायला थांब्यावर गेला, तो अजून विचारतोच आहे.

मग ते तास कोण घेणार? हीच! हिचा विषय भाषा. शाळा चालवायची, स्वतःचे तास घ्यायचे आणि वर विज्ञान. ही काय करायची, तर धडा वाचून दाखवायची. जन्मभर कविता शिकवलेली बाई, ती रसायनसुद्धा चालीवर वाचायची. एकदा दहावीतल्या एका मुलाने उभं राहून अगदी भाबडेपणाने विचारलं, "बाई, या अभिक्रियेत कवीला काय म्हणायचं आहे?"

ही घरी येऊन हे सांगताना हसली, आणि मग एकाएकी रडली. मी गडबडून गेलो. "अहो, पोरांचं वाटोळं करतेय मी," ती म्हणाली. पण ते मला नीट ऐकू आलं नाही, कारण दिवसाचे आठ तास बोलून बोलून तिचा आवाज पार बसला होता. डॉक्टर म्हणाले, "घरी तोंड उघडायचं नाही. नाहीतर आवाज कायमचा जाईल." तेव्हापासून ती घरी पाटीवर लिहून बोलते. दहावीची परीक्षा पाच महिन्यांवर आलेली, आणि घरात ही अशी शांतता. लग्नाला चोवीस वर्षं झालेल्या माणसाला शांतता आवडेल असं तुम्हाला वाटत असेल. मला विचाराल तर ती खायला उठते.

त्याच आठवड्यात 'टिकवा' माझ्याकडे आलं. मी जेवता जेवता छाती फुगवून म्हणालो, "या वेळी नुसती बाई येऊ दे तुझ्याकडे. कशी टिकत नाही ते बघतोच! आता टिकवा म्हणजे मी आहे!"

हिने हात धुतला, पाटी ओढली आणि लिहिलं, "तुमच्याकडून छत्री टिकत नाही."

आणि बाई आली! तळमजल्याने खरंच मिळवून दिली. पदव्युत्तर शिक्षण विज्ञानातलं, शिक्षणशास्त्राची पदवी, पात्रता परीक्षेत पहिल्या दहांत. हातात एक बॅग आणि प्लॅस्टिकच्या डब्यात कापसात गुंडाळलेल्या काचेच्या नळ्या. शाळेत सगळे तिला विज्ञानबाई म्हणू लागले. तिने आल्या आल्या प्रयोगशाळेतलं कपाट उघडलं. चार वर्षं बंद असलेल्या त्या कपाटात तिला एक बरणीतली पाल सापडली आणि एक बरणीबाहेरची. तिने ते धुतलं, पुसलं, कप्प्यांवर चिठ्ठ्या लावल्या आणि किल्ली आपल्या किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवली. शाळेजवळच तिने खोली घेतली. पुलापलीकडे खोली! तिथे आजवर एकाही शिक्षकाने साधं भाडंसुद्धा विचारलं नव्हतं.

महिन्याभरात मुलं शाळा सुटल्यावरही घरी जाईनात. हिचे तास निम्म्यावर आले आणि आवाज हळूहळू परत आला. परत आल्यावरचं तिचं पहिलं वाक्य होतं, "तो ओला टॉवेल पलंगावरून उचला!" माझे कान तृप्त झाले.

इथे मी हात जोडून गप्प बसलो असतो तर ही गोष्ट झालीच नसती. पण माझ्याकडे शाखा होती, शाखेला शिक्का होता, आणि शिक्क्याबरोबर आलेला एक नमुना होता. प्रत्येक नव्या शिक्षकाला दर सोमवारी अकरा वाजता फोन करायचा आणि नमुन्यातला प्रश्न जसाच्या तसा वाचून दाखवायचा. 'आपण नोकरी सोडण्याचा विचार करत आहात काय?' उत्तराला तीन चौकोन: होय, नाही, सांगता येत नाही.

पहिल्या सोमवारी मी फोन लावला. विज्ञानबाई वर्गावर होत्या, पण कचेरीचा फोन म्हटल्यावर त्यांनी हातातली नळी न सोडता तो स्पीकरवर उचलला. मी प्रश्न वाचला.

"नाही सर," त्या हसून म्हणाल्या. मागे मुलांचा गलका चालू होता.

दुसऱ्या सोमवारी म्हणाल्या, "नाही हो. का?"

तिसऱ्या सोमवारी म्हणाल्या, "सर, खरं सांगा. शाळा बंद होणार आहे का?"

"छे छे! नमुन्यात आहे म्हणून विचारतो."

चौथ्या सोमवारी, "माझ्याबद्दल कुणी तक्रार केलीय का?" आणि पाचव्या सोमवारी आवाज आला, "अजून तरी नाही."

'अजून तरी' असा चौकोन नव्हता. मी प्रामाणिक माणूस, 'सांगता येत नाही'वर खूण केली. झालं! दुसऱ्या दिवशी बाईंचं नाव 'धोक्यातील शिक्षक' नावाच्या तांबड्या यादीत!

घरी हिच्या तोंडाचा पट्टा सुटला. "अहो, सुखाने नांदणाऱ्या सुनेला रोज उठून विचारलंत ना, 'माहेरी जातेस का, माहेरी जातेस का', तर पाचव्या दिवशी ती पिशवी भरेल! ती पोरगी काल मला विचारत होती, बाई, माझं काही चुकलं का? काय सांगू मी तिला?"

"तू काळजी करू नकोस," मी म्हणालो. "माझ्याकडे उपाय आहे."

"उपाय नको! तुम्ही फक्त काही करू नका!"

पण उपाय खरंच होता. परिपत्रकाच्या सहाव्या पानावर, खाली, बारीक अक्षरात. ज्या शिक्षकाने 'घडवा'चं पंधरा दिवसांचं प्रशिक्षण पूर्ण केलं, त्याला पुढची तीन वर्षं त्याच शाळेवरून कोणीही हलवू शकत नाही! बदली नाही, कार्यमुक्ती नाही, काही नाही. तीन वर्षं! मी ते वाक्य दोनदा वाचलं, सहावं पान घडी घालून खिशात ठेवलं आणि विज्ञानबाईंचं नाव प्रशिक्षणाच्या यादीत टाकून दिलं.

"परीक्षा तोंडावर आणि पंधरा दिवस?" ही म्हणाली.

"पंधरा दिवस दे, तीन वर्षं घे!" मी म्हणालो. व्यवहार एवढा सरळ होता की तिलाही तो पटला. तिने परत सगळे तास अंगावर घेतले.

प्रशिक्षण संस्था शाळेपासून चौसष्ट किलोमीटर लांब. हा आकडा मला तोंडपाठ का आहे, ते आता कळेल. विज्ञानबाईंनी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन केला.

"सर, आज 'शाळेतील नियमित उपस्थितीचे महत्त्व' हा विषय होता. चार तास."

"वा! कसा झाला?"

"व्याख्याते आले नाहीत."

"अरेरे!"

"उद्या परत तोच विषय आहे. आणि सर, आणखी एक. ती हजेरी रोज मोबाइलवरूनच लावायची ना? इथून लावली की ते पोर्टल म्हणतं, 'आपण शाळेपासून चौसष्ट किलोमीटर दूर आहात. कृपया शाळेत जा.'"

"यंत्र आहे हो ते! त्याला काय कळतं?" मी म्हणालो. "दुर्लक्ष करा. मी आहे ना इथे!"

हे वाक्य मी आयुष्यात जेव्हा जेव्हा म्हटलंय, तेव्हा तेव्हा ऐकणाऱ्याचं नुकसान झालं आहे.

दहाव्या दिवशी दुपारी, 'शिक्षक शाळा का सोडतात?' या विषयावर व्याख्यान चालू असताना, बाईंच्या मोबाइलवर निरोप आला. 'लागोपाठ दहा दिवस अनुपस्थितीमुळे आपली जागा रिक्त घोषित करण्यात येत आहे. आपण नोकरी सोडल्याबद्दल खेद वाटतो. पुढील वाटचालीस शुभेच्छा.' बाई तिथेच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सर, मी शाळा सोडली म्हणे!" व्याख्याते म्हणाले, "अनुभव शेवटी सांगा."

मी जिन्याखालून धावत संगणक कक्षात गेलो. तिथे आमच्या संगणकताई बसतात. वय माझ्याएवढंच, चष्मा माझ्यापेक्षा जाड. बोलताना त्या पडद्यावरून नजर काढत नाहीत.

"ताई, अनर्थ झाला! बाई प्रशिक्षणात आहेत हो! गैरहजर नाहीत!"

"मग तशी नोंद करायला हवी होती."

"कुणी?"

"टिकवा शाखेने."

"टिकवा शाखेने म्हणजे नेमकं कुणी?"

ताईंनी नोकरीत पहिल्यांदाच पडद्यावरून नजर काढली आणि माझ्याकडे पाहिलं. मला काय समजायचं ते समजलं.

"आता उलटं फिरवता येईल का?"

"हे फिरत नाही," त्या परत पडद्याकडे वळून म्हणाल्या. "जागा तळमजल्यावर गेली. 'मिळवा'ने जाहिरातपण काढली."

"आज?"

"दुपारीच."

नऊ दिवसांत अकरा पायऱ्या चढणारी कचेरी! तिने त्या दिवशी तासाभरात अख्खी नोकरी खाली पोचवली.

मी साहेबांकडे गेलो. साहेब आनंदात होते. "बघा! पूर्वी जागा रिकामी झालीय हे कळायलाच दोन दोन वर्षं जायची. आता दहा दिवस! योजना धावायला लागली!"

"पण साहेब, बाई गेलेल्याच नाहीत. त्या आपल्याच प्रशिक्षणात बसल्यात, टिकण्याच्या."

साहेबांनी थोडा विचार केला. "पात्र आहेत ना?"

"एकदम पात्र!"

"मग अर्ज करू दे की! पात्र उमेदवार आपल्याला हवेच आहेत."

आता सांगा, विज्ञानबाईंना हे कोणत्या तोंडाने सांगायचं? पण सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि स्वतःच्याच जागेसाठी अर्ज भरायला घेतला. मधेच फोन आला.

"सर, इथे विचारलंय, 'यापूर्वी शासकीय नोकरी सोडली असल्यास कारण लिहा.' काय लिहू?"

"प्रशिक्षण," मी खालच्या आवाजात म्हणालो.

"बरं. आणि सर..."

"बोला ना!"

"आता यापुढे तुम्ही मला काही विचारू नका. कृपा करा. सोमवारी नाही, कुठल्याच वारी नाही."

मला वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू, फार वाईट वाटलं. मुलीसारखीच बाई. तिचा आवाज थकला होता, आणि तो मी थकवला होता.

यादी लागली. विज्ञानबाई पहिल्या! पहिल्या आल्या याचा अर्थ असा की निवड मेळाव्यात सगळ्यांत आधी त्या बोलणार. मोठ्या पडद्यावर सगळ्या रिकाम्या शाळांची नावं लागणार आणि त्यांतली हवी ती त्यांनी उचलायची. बस स्थानकासमोरची शाळाही त्या यादीत होती. तिथे पंखे, नळाला पाणी, जिन्याला कठडा! पुलापलीकडे काय होतं? एक धुतलेलं कपाट.

त्यातच परिपत्रकाचं सातवं पान. जी जागा मेळाव्यात कुणीच उचलणार नाही, ती अनावश्यक समजून कायमची रद्द! म्हणजे बाई शहरातली शाळा घेणार, बाकीचे तर पुलाकडे बघणारही नाहीत, आणि हिच्या शाळेत परत कधी विज्ञान शिक्षक येणारच नाही. हिला ते सांगितलं, तर हिने पाटी घेतली. आवाज परत गेला होता. तिने लिहिलं, "ती येईल."

"अगं, पहिला नंबर आहे तिचा! कशाला येईल?"

"मी तिला ओळखते."

मी पाटी बाजूला ठेवली. हिला माणसं ओळखता येतात, पण फायली कुणी बघितल्यात? मी! सत्तावीस वर्षांत स्वतःहून पुलाकडे तोंड केलेला एक शिक्षक माझ्या कागदावर आलेला नाही. आणि बाईंना सरळ विचारायची तर सोय नव्हती. मग मी ठरवलं की जागा वाचवायची, आणि ती माझ्या पद्धतीने. जी जागा पडद्यावर दिसणारच नाही, ती रद्द कशी होईल?

मेळाव्याच्या आदल्या दिवशी मी संगणकताईंकडे गेलो. "ताई, पुलापलीकडची जागा दोन दिवसांसाठी 'भरली' दाखवता येईल?"

"भरली दाखवायला नाव लागतं. पात्र माणसाचं. पदवीच्या क्रमांकासकट."

"कुणाचं टाकणार?"

ताईंनी दोन कळा दाबल्या. "तुमचंच टाकू? तुमच्या सेवापुस्तकात विज्ञानाची पदवी आहे. शिक्षणशास्त्राचीपण."

होती! मी विसरून गेलो होतो. सत्तावीस वर्षांपूर्वी मी शिक्षकच व्हायला निघालो होतो. भरती बंद होती, म्हणून भरती निघेपर्यंत कचेरीत चिकटलो. भरती निघाली, तेव्हा तिच्या जाहिरातीवर शिक्का मीच मारला, आणि मग चहा प्यायला गेलो.

"टाका," मी म्हणालो. "दोनच दिवस. मेळावा संपला की काढून टाकू."

मेळावा एका लांबलचक सभागृहात होता. समोर भिंतभर पडदा, त्याखाली ताई, व्यासपीठावर साहेब, खुर्च्यांवर दोनशे उमेदवार. मी कोपऱ्यात खांबाला टेकून उभा. पहिलं नाव पुकारलं आणि विज्ञानबाई पुढे आल्या. पडद्यावर शाळांची यादी आणि वर घड्याळ. दोन मिनिटांत निवड करायची, नाहीतर पाळी जाते.

बाईंनी यादी वरून खाली वाचली. मग खालून वर वाचली.

"ताई, पुलापलीकडची शाळा कुठेय?"

मी खांबाआड सरकलो.

"भरली," ताई म्हणाल्या.

"भरली? कशी भरली? अहो, मला तीच हवीय! माझी खोली आहे तिथे! माझी दहावी आहे! कोण आलंय तिथे?"

ताईंनी कळ दाबली. पडद्यावर, एवढ्या मोठ्या अक्षरांत, माझं नाव आलं. वडिलांच्या नावासकट. दोनशे माणसांनी वाचलं.

बाई वळल्या. खांब माझ्यापेक्षा बारीक निघाला. "सर? तुम्ही?"

"बाई, मला वाटलं, तुम्ही शहरातली घ्याल."

"विचारायचं तरी!"

"तुम्हीच म्हणालात ना, काही विचारू नका म्हणून!"

"पाच सोमवार विचारलंत! नको तेव्हा! आणि हवं होतं तेव्हा..." पडद्यावर चाळीस सेकंद उरले होते. मी ताईंकडे धावलो. "काढा! माझं नाव काढा! मी नाही जात, मी कसा जाईन, मी लिपिक आहे!"

"साहेबांची सही लागेल."

"साहेब! सही करा!"

"केली तरी बदल उद्या दिसतो," ताई म्हणाल्या. "आणि यादी आज पाच वाजता बंद."

पंधरा सेकंद. बाईंनी डोळे पुसले आणि यादीतलं पहिलं नाव सांगून टाकलं. बस स्थानकासमोरची शाळा. पंखे, नळाला पाणी, जिन्याला कठडा. मग त्या माझ्यापाशी आल्या, पर्समधून किल्ल्यांचं जुडगं काढलं आणि त्यातली कपाटाची किल्ली सोडवून माझ्या हातावर ठेवली. इतके दिवस ती त्यांच्याकडेच होती. परत जायचंच आहे म्हणून त्यांनी ती कुणाला दिलीच नव्हती.

"तिसऱ्या कप्प्यात आम्लं आहेत," त्या म्हणाल्या. "मुलांना हात लावू देऊ नका. तुम्हीपण लावू नका."

एवढ्यात साहेबांनी ध्वनिवर्धक हातात घेतला. माझा आणि ताईंचा संवाद त्यांच्या कानावर अर्धाच पडला असावा, कारण त्यांनी माझ्याकडे कौतुकाने बोट केलं. "बंधुभगिनींनो! खुर्ची सोडून वर्गाकडे निघालेला लिपिक तुम्ही कधी पाहिला आहे काय? आज पाहा! याला म्हणतात योजनेचं यश!" टाळ्यांचा कडकडाट झाला. माझा फोटो काढला. त्या फोटोत मी किल्लीकडे बघतोय, पण सगळ्यांना वाटतं मी नम्रपणे खाली बघतोय.

घरी येऊन हिला सगळं सांगितलं. ओरडली असती तर बरं झालं असतं, पण ओरडायला आवाज नव्हता. तिने पाटीवर काहीतरी लिहिलं, पुसलं. परत लिहिलं, परत पुसलं. तिसऱ्यांदा लिहिलेलं मात्र ठेवलं: "पहिली घंटा साडेदहाला. उशीर चालणार नाही."

तर सध्या मी पुलापलीकडच्या शाळेत विज्ञान शिकवतो. सत्तावीस वर्षांत विज्ञान फार पुढे गेलंय हो! मी मात्र थांब्यावरच राहिलो होतो. रोज संध्याकाळी सात वाजता विज्ञानबाईंचा फोन येतो. दुसऱ्या दिवशीचा धडा त्या मला फोनवर शिकवतात, मी वहीत उतरवून घेतो, प्रश्न विचारतो. मला प्रश्न विचारायची बंदी त्यांनी तेवढ्यापुरती उठवली आहे. कधी कधी शिकवता शिकवता मध्येच विचारतात, "तो शेवटच्या बाकावरचा उंच मुलगा आता सूत्रं लिहितो का हो?" मी म्हणतो, लिहितो. मग त्या पुढचं सूत्र सांगतात, जरा जास्तच भराभर. हिचा आवाज परत येऊ लागला आहे, आणि तो दिवसभर आणि घरी आल्यावर कुणावर वापरला जातो, ते मी सांगायला नको.

कालचा सोमवार. दहावीचा वर्ग, अकरा वाजलेले. मी फळ्यावर भिंगाची आकृती काढत होतो आणि मोबाइल वाजला. कचेरीचा क्रमांक! 'टिकवा' आता संगणकताईंकडे दिलं आहे. नव्या मोबाइलवर माझं बोट नेहमीसारखं चुकीच्या जागी पडलं आणि ताईंचा आवाज अख्ख्या वर्गाला ऐकू गेला.

"आपण नोकरी सोडण्याचा विचार करत आहात काय?"

एकेचाळीस पोरं. कुणाचं पेन हलेना. खिडकीतली दोघं मान वळवून माझ्याकडे बघत होती. हा प्रश्न या वर्गात आधी किती वेळा ऐकला गेलाय, ते त्या क्षणापर्यंत माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

"नाही," मी म्हणालो. आणि तुम्हाला सांगतो, चौकोनासाठी नाही, मनापासून म्हणालो. "नाही हो ताई. अजिबात नाही!"

फोन बंद केला. मला वाटलं, आता पोरं खूश होतील. पहिल्या बाकावरची दोन वेण्यांची मुलगी उभी राहिली.

"सर," ती समजूत काढावी तशा आवाजात म्हणाली, "आमच्या बाईपण दर सोमवारी 'नाही'च म्हणायच्या."

मी फळ्याकडे तोंड केलं आणि भिंग पुन्हा काढायला घेतलं. पोरांना तोंड दाखवायची सोय नसली की शिक्षकाने फळ्याकडे वळायचं असतं, एवढं मात्र मला प्रशिक्षणाशिवाय आलं.